दिवाळीचा दिवा आणि खिडकीचे तावदान

आश्विन लागला, पावसाळी ढग पांगले आणि शरदाचे पिवळे ऊन घरात तिरपे शिरू लागले, की गृहिणीच्या दृष्टीस साऱ्या घराचे दोष एकदम पडू लागतात. चार महिने अंधुक उजेडात जे झाकून राहिलेले असते ते या उन्हात उघडे पडते. भिंतीवरची ओल, कोनाड्यातील जळमटे, माळ्यावरची धूळ या सर्वांची दिवाळीपूर्वी वासलात लागते. परंतु एक गोष्ट मात्र पुष्कळ घरांत 'पुढच्या वर्षी पाहू' या सदरात जाऊन पडते. ती म्हणजे खिडकीची फुटकी अथवा तडकलेली काच. तिच्यावर कागद चिकटवतात, कोपऱ्यात पुठ्ठा खोवतात, वरून पडदा सोडतात, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्याच खिडकीत पणत्या मांडतात! आज या मंगल सणाच्या निमित्ताने भाविक वाचकांशी आम्ही या उपेक्षित तावदानाविषयीच चार शब्द बोलणार आहोत. कीर्तनकाराने काचेवर बोलावे याचे कोणास नवल वाटेल. परंतु या विषयाशी आमची गाठ पडली तीही कीर्तनाच्याच निमित्ताने.

नवी मुंबईत बेलापूरजवळ पनवेलच्या खाडीकाठी दिवाळे नावाचे गाव आहे. हे नवे शहर वसविण्यासाठी सिडको मंडळाची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून या काठावर कोळी बांधवांची वस्ती आहे. पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी जिंकून घेतलेला बेलापूरचा किल्ला येथून जवळच. आज गावाच्या एका अंगास उंच इमारती आणि रुंद रस्ते, तर दुसऱ्या अंगास होड्या, वाळत घातलेली जाळी आणि भरती-ओहोटीचे पाणी. बहिरीदेवाची येथील जत्रा भरते तीही दिवाळीतच. गावाच्या नावावरून बाहेरचे लोक थट्टा करतात. पण दिवाळेकरही कमी नाहीत. आम्ही प्रथम गेलो तेव्हा एक गृहस्थ हसत म्हणाले, "बुवा, नाव दिवाळे असले तरी आमचे दिवाळे अजून निघालेले नाही. आमची दिवाळीच निघते."

२०२३ सालच्या आश्विनात, नवरात्र आटोपल्यावर, तेथे आमचे कीर्तन होते. ज्या घरी आमचा उतारा होता ते घर जुने, कौलारू, वरती अर्धा मजला नंतर चढविलेला. खाडीच्या दिशेस तोंड करून एक सागवानी खिडकी, तिला सहा तावदाने. पैकी खालच्या उजव्या तावदानास कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा, आणि वरचे एक तर नाहीच, त्याजागी बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेले, त्या दिवशी एक झाप आपटून ही दोन्ही तावदाने गेली असे घरधन्याने सांगितले. तीन पावसाळे तसेच निघाले होते. आता दिवाळीच्या आत ती संपूर्ण खिडकीच काढून तेथे ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आणि तीत काळसर, आरशासारखी चमकणारी काच बसवावयाची, असा त्याचा बेत होता. शेजारच्या नव्या इमारतींस तशीच काच आहे. उन्हाची तिरीप येत नाही, दिवसा बाहेरच्याला आतले दिसत नाही, आणि लाकूड कुजण्याची कटकट नाही. बेत काही वाईट नव्हता.

आड आल्या त्या घरधन्याच्या मातोश्री. वय ऐंशीच्या घरात, पाठ वाकलेली, डोळे मात्र लख्ख. त्यांचे यजमान हयात होते तोवर रात्रीच्या भरतीला होडी घेऊन जात, आणि त्या या खिडकीत दिवा ठेवीत. किनारा तेव्हा अंधारा होता; आपल्या घराचा दिवा ओळखून होडी वळे. यजमान गेले, काठावर विजेचे खांब आले, तरी दिव्याचा नेम सुटला नाही. संध्याकाळ झाली की ती पणती त्या खिडकीत लागतेच. कीर्तनापूर्वी आम्ही चहा घेत असता त्या आमच्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बुवा, तुमी शास्त्र शिकलेले. त्या काल्या काचेतशी माजा दिवा भायेर दिसल का?"

मुलाला वाटले, आम्ही आईची समजूत घालू. त्याने हळूच एक शास्त्रार्थही आमच्यापुढे ठेवला: "तडकलेली काच घरात ठेवू नये, दारिद्र्य येते असे म्हणतात ना, बुवा?" त्या घरी आम्ही ताबडतोब उत्तर दिले नाही. कीर्तनाची वेळ झाली होती. आणि खरे सांगावयाचे तर उत्तर आम्हांस ठाऊकही नव्हते. रात्री परत आल्यावर त्या खिडकीखालीच आमचे अंथरूण होते. पुठ्ठ्याच्या फटीतून खाडीचा वारा येत होता आणि आम्ही विचार करीत पडलो होतो.

आपल्या भाषेत या वस्तूला नावे तरी किती आणि कशी! अमरकोशाच्या पुरवर्गात वातायन आणि गवाक्ष असे दोन शब्द एकत्र येतात. वातायन म्हणजे वाऱ्याची वाट. गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा. जुनी झरोके-खिडकी वाटोळी, गाईच्या डोळ्यासारखी असे म्हणून हे नाव. 'गो' आणि 'अक्ष' यांचा संधी होताना 'गवाक्ष' कसे व्हावे याची वाट अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि आमच्या गुरुजींनी ती शिकविताना पाठशाळेच्या खिडकीकडेच बोट दाखविल्याचे आम्हांस अजून स्मरते. पाहा, एका नावात वारा आहे, दुसऱ्यात दृष्टी आहे. काच दोहोंतही नाही. काचेचे जे चौकोनी पान खिडकीत बसते त्याला मराठीने नाव घेतले ते फारशीकडून. तावदान म्हणजे मूळचे ताबदान, प्रकाश येण्याची जागा. वारा, दृष्टी आणि प्रकाश अशी तीन कामे तीन शब्दांनी वाटून घेतली आहेत. संस्कृतात 'काच' शब्द आहे, पण त्याचे नशीब विचित्र. सुभाषितकारांनी त्याला सदैव रत्नाच्या शेजारी बसवून हिणविले, आणि आयुर्वेदाने तोच शब्द दृष्टी मंदावणाऱ्या एका नेत्ररोगास दिला. ज्या वस्तूतून पाहावयाचे तिचेच नाव न दिसण्याच्या व्याधीला! असो.

खिडकीची काच आपल्या घरांत फार जुनी नाही. रोमन लोकांनी पहिल्या शतकात स्नानगृहांच्या खिडक्यांना काचा लावल्या होत्या. पॉम्पेई शहराच्या अवशेषांत तशा सापडल्या. आपल्याकडे सामान्य घराच्या खिडकीला लाकडी झडपा आणि गज एवढेच असत. उजेड हवा तर वारा-पाऊसही आत घ्यावा लागे, पाऊस नको तर अंधारात बसावे लागे. यावर गोव्यात एक सुंदर तोड निघाली. तेथील जुन्या घरांच्या खिडक्यांत लाकडाच्या बारीक चौकटी करून त्यांत चपट्या, पातळ, अर्धपारदर्शक शिंपा बसविलेल्या असत. या शिंपा खाडीच्या चिखलातच वाढतात. त्यांतून येणारा उजेड दुधासारखा मऊ असतो. ऊन येते, झळ येत नाही. आजही अशा काही खिडक्या तेथे पाहावयास मिळतात. परंतु नव्या शिंपा मिळणे नाही. त्या जीवाला आता वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र आहे, आणि ते योग्यच होय.

काच देशात तयार व्हावी ही तळमळ तर लोकमान्यांच्या काळची. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा या कल्पनेवर पैसा फंड उभारला, लोकमान्य टिळकांनी त्यास पाठबळ दिले, आणि त्या पैशा-पैशातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी कराडजवळ कारखाना काढला. तेथील प्रभाकर कंदिलाने महाराष्ट्रातील किती घरांची दिवाळी उजळली याची गणना नाही. खिडकीची सपाट काच मात्र निराळीच विद्या. जुन्या पद्धतीत वितळलेली काच यंत्राने वर ओढून तिचा ताव करीत. त्यामुळे तीत लाटा राहत, आणि अशा काचेतून पाहिले की समोरचे झाड वाकडे दिसे. १९५९ साली इंग्लंडातील पिल्किंग्टन कंपनीने नवी रीत जाहीर केली. वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर पसरावयाची. पाण्यावर तेल तरंगावे तशी ती तरंगते आणि दोन्ही अंगांनी गुळगुळीत होऊन निघते. १९९० च्या दशकात दिवाळ्यापासून फार लांब नसलेल्या तळोज्यास या रीतीचा कारखाना उभा राहिला. वाळू, सोडा आणि चुनखडी यांची ही संतती. वाळूत घरे बांधणारी मुले आणि वाळूचे तावदान करणारे कारागीर यांत आम्हांस तरी फारसा भेद दिसत नाही. दोघांनाही आग आणि पाणी यांच्या लहरी सांभाळाव्या लागतात.

तडकलेल्या काचेच्या अशुभत्वाविषयी आम्ही मागाहून ग्रंथ चाळले. फुटक्या भांड्यात जेवू नये असे मनुस्मृतीत आहे. भग्न मूर्तीविषयी शास्त्रकारांनी विस्ताराने लिहिले आहे. परंतु खिडकीच्या भंगलेल्या काचेस मूर्तीचा नियम लावणे म्हणजे शास्त्राला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या तोंडी घालणे. आमच्या मते लोकसमजुतीचे बीज सरळ आहे. तडा गेलेली काच आज ना उद्या पडते, पोराच्या हातात शिरते. फटीतून येणारा वारा देवाजवळचा दिवा मालवितो. पाऊस आत येऊन लाकूड कुजवितो. दारिद्र्य येते ते या वाटेने येते, आणि त्याला मंत्र नव्हे, कारागीर लागतो. निर्णयसिंधूत आश्विन अमावास्येच्या मध्यरात्रीनंतर स्त्रियांनी सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर घालवावे असे सांगितले आहे. सूप अवश्य वाजवावे. पण अलक्ष्मी ज्या भगदाडातून पुन्हा आत येणार, ते आधी बुजविलेले बरे.

सणापूर्वी खिडकीकडे पाहणे ही केवळ आपलीच रीत नाही. इराणात नवरोजाच्या आधी सारे घर हलवून झाडतात, त्यात खिडक्यांच्या काचा धुणे हे मुख्य काम; ज्यांनी आपल्याला ताबदान शब्द दिला त्यांनी तो नुसताच दिला नाही म्हणावयाचा. जपानात खिडक्या-दारांना काचेऐवजी पातळ पांढरा कागद ताणून लावलेला असतो, आणि वर्षअखेरच्या साफसफाईत तो फाटका, पिवळट कागद काढून नवा लावण्याची तेथील घरांची जुनी चाल आहे. जुना कागद फाडण्याचे काम मुलांकडे असते म्हणे. आपल्याकडे मुलांना काचेजवळ येऊ न देण्याचे काम आजोबांकडे असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घरधन्यास विचारले, "त्या काळ्या काचेचा नमुना मिळेल का?" काचवाल्याने दिलेला तळहाताएवढा तुकडा त्याच्याकडे होताच. आम्ही म्हणालो, "न्यायशास्त्रात प्रमाणे पुष्कळ आहेत, पण सर्वांत पहिले प्रत्यक्ष. संध्याकाळपर्यंत थांबू." आमचा त्या दिवशीचा परतीचा बेत आम्ही पुढे ढकलला.

दरम्यान त्याच काचवाल्यास बोलाविले. बेलापूर गावातला हा पन्नाशीचा कारागीर. आम्ही त्याच्याजवळ बसून जे पाहिले आणि ऐकले ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. काच काढण्यापूर्वी त्याने तड्यावर चिकटपट्ट्या आडव्या-उभ्या लावल्या, म्हणजे काढताना तुकडे उडत नाहीत. हातांत चामडी मोजे, पायांत बूट. जुनी लांबी, जिला आता सगळे पुट्टी म्हणतात, ती पटाशीने हळूहळू खरवडली. आतले छोटे खिळे उपटले. मग काच बाहेर घेतली. खाली सांडलेला बारीक चुरा त्याने झाडूने नव्हे तर ओल्या फडक्याने टिपला आणि ते फडके काचेबरोबरच फेकले. सारे तुकडे जाड कागदात गुंडाळून, खोक्यात घालून, वर मोठ्या अक्षरांत 'काच' असे लिहिले. हे शेवटचे काम पाहून आम्हांस त्या माणसाविषयी आदर वाटला. आपल्या दिवाळीच्या केरात हात घालणारा जो सफाई कामगार, त्याचा हात कापला तर त्या लक्ष्मीपूजनाचे पुण्य कोणाच्या खाती जमा व्हावे?

मग त्याने लाकडाची खाच साफ केली आणि उघड्या लाकडावर जवसाच्या तेलाचा हात फिरविला. कारण विचारता म्हणाला, लांबी म्हणजे खडूची भुकटी आणि जवसाचे तेल यांचा मळलेला गोळा; कोरडे लाकूड त्यातले तेल पिऊन टाकते, मग लांबी कोरडी पडून वर्षा-दोन वर्षांत भेगाळते. माप घेताना खाचेच्या लांबी-रुंदीपेक्षा काच दोन-तीन मिलिमीटर कमी धरली. "तंतोतंत बसवली तर पावसात लाकूड फुगतं आणि काच चावतं," असे त्याचे शब्द. लहान तावदानाला तीन मिलिमीटर जाडीची काच पुरते. मोठ्या पानाला चार-पाच हवी. आणि जमिनीलगतच्या मोठ्या काचेला तापवून कठीण केलेली, टफन म्हणतात ती काच घ्यावी, कारण ती फुटली तरी तिचे बारीक बोथट दाणे होतात, सुऱ्यासारखे तुकडे नव्हे. मात्र ती एकदा तयार झाली की कापता येत नाही. माप चुकले तर पैसे गेले.

कापण्याचे कौशल्य तर पाहण्यासारखे. चाकाची लेखणी तेलात बुडवून, पट्टीला धरून, एकच रेघ. करकर असा एकसारखा आवाज आला पाहिजे. मग टेबलाच्या काठावर ठेवून एक दाब, आणि काच रेघेवर दुभंगते. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा लेखणी फिरवावयाची नाही. हा नियम आम्हांस आधी ठाऊक असता तर आमचे एक तावदान वाचले असते. काही वर्षांपूर्वी आमच्याच घरी, मजुरी वाचविण्याच्या मोहाने, आम्ही लेखणी आणून काच कापावयास बसलो. रेघ नीट उमटली नाही असे वाटून पुन्हा फिरविली, पुन्हा फिरविली, आणि दाब देताच काच भलत्याच दिशेने गेली. घरातील मंडळींनी त्यावर जे भाष्य केले ते कोणत्याही टीकाग्रंथात बसण्यासारखे नाही.

खाचेत लांबीचा पातळ थर, त्यावर काच दाबून, कडेला छोटे खिळे, वर तिरकी लांबी, म्हणजे पावसाचे पाणी थांबत नाही. ही लांबी वरून घट्ट होण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर रंग लावू नये. म्हणून शहाण्या माणसाने हे काम दसऱ्यालाच हाती घ्यावे, धनत्रयोदशीला नव्हे. आणि रंग लावताना तो लांबीवरून किंचित, दोनेक मिलिमीटर, काचेवर यावा. लांबी आणि काच यांमधली फट त्याने मिटते. आपण नेमके उलटे करतो. काचेवर आलेला तेवढा रंग घाण दिसतो म्हणून ब्लेडने काटेकोर खरवडतो आणि पाण्याला वाट मोकळी करून देतो.

खाडीकाठच्या घरांचे दुखणे निराळेच. खारी हवा लोखंडी गजांना खाते; गंज लोखंडापेक्षा अधिक जागा मागतो, आणि तो फुगत गेला की चौकटीला व काचेला रेटा देतो. पुष्कळदा काच वादळाने नव्हे, या गंजाच्या रेट्याने तडकते. म्हणून गज घासून, गंजरोधक लेप देऊन, मगच रंग. काचेवर बसलेले मीठ साध्या गोड्या पाण्याने वरचेवर धुवावे. महिनोन्महिने ओल राहिलेल्या काचेवर जी पांढरट झाक येते ती मग कोणत्याही साबणाने जात नाही, ती काचच झिजलेली असते. भिंतीला चुना किंवा सिमेंट लावताना काचेवर उडालेले शिंतोडे तत्काळ पुसावेत, वाळल्यावर ते काचेला डाग पाडतात. आणि रेतीने काच घासू नये, हे सांगण्याची खरे तर गरज नसावी. पण आम्ही घासताना पाहिले आहे.

एक सूचना मात्र आग्रहाने. जुन्या खिडक्यांवरील जुना तैलरंग कोरडा घासून उडवू नये. जुन्या रंगांत शिसे असे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएम, म्हणजे दशलक्ष भागांत ९० भाग, यापेक्षा अधिक नसावे असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. रंग खरवडावयाचा तर पाणी मारून, ओल्या कागदाने, आणि मुले व गर्भवती स्त्रिया यांना दूर ठेवून. ज्या सणात घरच्या लेकरांना पहाटे तेल-उटणे लावून न्हाऊ घालावयाचे त्या सणाच्या तयारीतच त्यांच्या श्वासात विष जावे, हे कसे चालेल?

काचेला रंग लावलेला आम्ही एकदाच पाहिला, आणि तो प्रसंग विसरणे शक्य नाही. ३ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानशी युद्ध पेटले तेव्हा आम्ही दहा-अकरा वर्षांचे, गिरगावात काकांकडे होतो. दिवेबंदीचा हुकूम झाला. काकांनी खालच्या तावदानांना काळा कागद चिकटविला आणि वरच्यांना, कागद संपला म्हणून, काळा रंग फासला. चाळीतील आजोबा १४ एप्रिल १९४४ ची गोष्ट सांगत: गोदीत दारूगोळ्याचे जहाज उडाले त्या दिवशी मैलोगणती दूरच्या घरांच्या काचा फुटल्या होत्या. ते ऐकून आम्ही मुले खिडकीपासून लांब निजत असू. १६ डिसेंबरला युद्ध संपले. कागद त्याच रात्री निघाला, रंग मात्र निघेना. काका रोज थोडा थोडा ब्लेडने खरवडीत. संक्रांतीच्या सकाळी शेवटचे तावदान मोकळे झाले आणि काकूंच्या हलव्याच्या ताटावर उन्हाचा चौकोन पडला. तो चौकोन पाहून काकूंच्या डोळ्यांत पाणी का आले हे तेव्हा आम्हांस कळले नव्हते.

दिवाळ्यास संध्याकाळ झाली. मातोश्रींनी नेहमीप्रमाणे पणती लावून खिडकीत ठेवली. आम्ही, घरधनी आणि त्याची दोन मुले अंगणातून पुढे होड्यांपर्यंत गेलो. थोरल्या मुलास खिडकीशी उभे केले होते. तो हाक मारताच काळा तुकडा पणतीसमोर धरी आणि पुन्हा हाक मारताच काढी. तुकडा नसताना ज्योत स्वच्छ दिसत होती, तांबूस, हलणारी. तुकडा आला की ती नाहीशी होई असे नव्हे. पण अशी मंद होई, की आहे हे ठाऊक असेल त्यालाच दिसावी. धाकटा म्हणाला, "गेला!" दोनदा, तीनदा तसे केले. मग आम्ही आत आलो आणि तो तुकडा मातोश्रींच्या डोळ्यांसमोर धरला. रात्री आत उजेड आणि बाहेर अंधार असता अशा काचेतून बाहेरचे दिसत नाही, ती आरसा होते. त्यांनी पाहिले आणि म्हणाल्या, "खारी नाय दिसत. मीच दिसतं." घरधनी काही बोलला नाही. त्याने तुकडा घेऊन स्वतः डोळ्यांसमोर धरला आणि पुष्कळ वेळ तसाच उभा राहिला.

आम्ही त्यास एवढेच म्हणालो, की माउलींना शास्त्र पुसावयाचे नव्हते, त्यांना उत्तर आधीच ठाऊक होते. आणि तुमचा बेतही चुकीचा नाही, पश्चिमेच्या उन्हाला ती काळी काच चांगली. त्यावर मायलेकांचे जे ठरले ते असे: वरच्या मजल्यावरील दोन खिडक्यांना नव्या सरकत्या काचा, आणि खालची खाडीकडची सागवानी खिडकी जशीच्या तशी, दोन तावदाने नवी, स्वच्छ पांढऱ्या काचेची. काचवाल्याने माप घेतलेलेच होते. दोन तावदाने, लांबी आणि मजुरी मिळून जो खर्च आला तो नव्या एका खिडकीच्या आगाऊ रकमेपेक्षाही कमी होता, हे पाहून घरधनी स्वतःशीच हसला.

दिवाळीनंतर त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास त्या वाटेने जाताना आम्ही पुन्हा तेथे डोकावलो. खिडकीला हिरवा रंग लागला होता. गजही घासून रंगविले होते. उजव्या खालच्या तावदानाच्या कडेला, रंगाखाली, लांबी ओली असताना धाकट्याने दाबलेल्या बोटाचा ठसा तसाच राहिला होता, आणि मातोश्रींनी तो कोणास खरवडू दिला नव्हता. आम्हांस चहा देताना त्या सांगत होत्या, की नव्या काचेस रोज सकाळी त्या स्वतः ओले फडके मारतात. सुनेला मारू देत नाहीत.